आपले प्रश्न : पहिल्या प्राण्यांच्या शोधात

प्रश्न : मी भूशास्त्रात बी.एस्सी. करतो. आद्य प्राण्यांच्या उत्क्रांतीवर काम करायचं आहे. प्रत्यक्षात काय करावं लागतं?

उत्तर : हातोड्यापेक्षा बादली जास्त. कॅम्ब्रियन काळाच्या आरंभीची, सुमारे 53 कोटी वर्षांपूर्वीची कवचं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ती मिळणार नाहीत. मसुरीजवळच्या ‘ताल’ नावाच्या खडकथरांत मिळतात. चुनखडीचे मुठीएवढे तुकडे जाळीवर ठेवून सुमारे 10 टक्के अॅसेटिक आम्लात बुडवायचे. हायड्रोक्लोरिक नको, ते फॉस्फेटी कवचही खातं. ताजं अॅसेटिकही थोडं कुरतडतंच, म्हणून त्यात आधीच्या खेपेचं वापरलेलं द्रावण मिसळतात. फसफस थांबली की गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीत हलक्या धारेने धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कण टिपायचा. यात महिने जातात.

शंका घेण्याची सवयही लावा. भीमबेटकाच्या गुहेतला ठसा 2021 मध्ये डिकिन्सोनिया या आद्य प्राण्याचा म्हणून जाहीर झाला. 2023 मध्ये तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष ठरला. तो खडकावरून सुटत होता, हीच खूण!

एम.एस्सी.सोबत प्राणिशास्त्र, निदान अपृष्ठवंशीयांची शरीररचना, नक्की शिका.