बायको दिवसभर बर्फ चावून खाते, ही नुसती सवय आहे की काही आजार?

दादा, तुम्ही लिहिलंय की बायको ऑफिसवरून आली की आधी फ्रीझर उघडते, दोन-दोन ट्रे बर्फ कडाकडा चावून संपवते आणि तुम्ही ओरडायला लागल्यापासून लपून खाते. आधी ते ओरडणं थांबवा. सवय म्हणून सोडूनही देऊ नका, या आठवड्यात तिच्या रक्ताच्या दोन टेस्ट करून घ्या, सीबीसी (रक्तपेशी मोजतात, हिमोग्लोबिन यातच कळतं) आणि सीरम फेरिटिन.

मी ऐरोलीला राहते आणि हे सगळं माझ्यावरून गेलंय म्हणून एवढं ठामपणे सांगते. तीन वर्षांपूर्वी मला गार पाणी नको असायचं, बर्फच हवा असायचा, तोही दाताखाली फुटणारा. रसवंतीवर उसाचा रस घ्यायचे ते ग्लासातल्या बर्फासाठी. रात्री दोन वाजता उठून ट्रे काढायचे आणि आवाजाने मुलगा जागा व्हायचा. सासूबाई म्हणायच्या अंगात उष्णता झालीय, सब्जाचं पाणी पी, ते पण पिऊन झालं. त्याच दिवसांत स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची, केस मुठीने गळायचे, दुपारी ऑफिसात डोळे उघडे ठेवणं कठीण व्हायचं, पण ठाण्याची लोकल पकडून रोज जाऊन-येऊन घरचं करायचं म्हटलं की कोण थकत नाही, असं समजून मी गप्प बसले. या सगळ्याचा बर्फाशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

शेवटी चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे गेले तर बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि विचारलं, "बर्फ, माती, पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का हो?" मला रडूच आलं, कारण इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. हिमोग्लोबिन 7.4 निघालं (बाईमाणसाचं गरोदर नसताना 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात) आणि फेरिटिन 5. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि हीच टेस्ट लोक टाळतात. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं, म्हणून तुमच्या बायकोचं हिमोग्लोबिन ठीक आलं तरी फेरिटिन बघाच.

या बर्फाच्या ओढीला पॅगोफेजिया म्हणतात, माती-खडू खाण्याच्या पायका नावाच्या प्रकारातलाच हा एक. लोह कमी झालं की बर्फच का, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं की ॲनिमिया असलेल्यांना बर्फ चावल्यावर थोडा वेळ तरतरी येते, बहुतेक मेंदूकडे रक्त जास्त जातं म्हणून, आणि त्यांच्या प्रयोगात अशा लोकांचं लक्ष सुधारलेलं दिसलं, निरोगी माणसांना काही फरक पडला नाही. मला हे अगदी पटतं, कारण दुपारी तीनला बर्फ तोंडात टाकला की डोकं दहा मिनिटं खरंच उघडायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोह कमी असेल तर ते जातंय कुठे हे शोधा. माझी पाळी इतकी जास्त जायची की तासा-दीड तासाला पॅड बदलायला लागायचा आणि मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, निघाला. कुणाला मूळव्याध असते, कुणाला जंत, कुणाला पोटात अल्सर. तिला पाळीबद्दल विचारा, लाजू नका, आणि ती गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

लोहाच्या गोळ्या मात्र टेस्ट न करता मनाने सुरू करू नका, थॅलेसेमिया मायनर या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषात पण हिमोग्लोबिन कमी येतं आणि तिथे लोह कमी असेलच असं नाही. गोळी चहाबरोबर तर अजिबात नको, चहा लोह अंगी लागू देत नाही, मी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे. शौचाला काळं होतं, पोट जड होतं, त्याला घाबरून मध्येच सोडू देऊ नका. अळीव, नाचणी, खजूर खाऊ देत, पण साठा इतका रिकामा झाल्यावर नुसत्या लाडवांनी भरत नाही.

माझी बर्फाची ओढ दहा-बारा दिवसांत गेली, हिमोग्लोबिन तर तेव्हा जेमतेम हललं होतं. एके दिवशी फ्रीझर उघडला तर ट्रे भरलेले तसेच होते. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला डॉक्टरांनी अजून तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. बर्फाने एका दाढेला मात्र चीर गेली, ती काही भरून आली नाही, तेव्हा तिचे दातही एकदा दाखवून घ्या.

रिपोर्ट आले की इथे खाली आकडे टाका, मी बघेन. आणि डॉक्टरकडे गेल्यावर बर्फाचं स्वतःहून सांगा, दिवसाला किती ट्रे ते सुद्धा, कारण बायका हे लाजून सांगत नाहीत, मी पण सांगितलं नव्हतं.