जुळ्यातली कालवड राखावी का?

प्रश्न: गाय जुळी व्याली, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड दुधासाठी वाढवावी का? शेळ्यांना जुळी करडे होतात, त्यांचे काही बिघडत नाही. मग गायीतच काळजी का?

उत्तर: तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर खुराक घालू नका. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी वांझ निघतात. पोटात दोघांच्या वारेतल्या (गर्भाला पोसणाऱ्या आवरणातल्या) रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात, गोऱ्ह्याची संप्रेरके कालवडीच्या रक्तात उतरतात आणि तिचे गर्भाशय व बीजांडे नीट घडतच नाहीत. वरून ती चांगली धडधाकट दिसते. माजावर येत नाही हे ध्यानात येईपर्यंत दीड-दोन वर्षांचा चारा खाऊन झालेला असतो.

तपासणी 2 ते 4 आठवड्यांच्या वयात पशुवैद्यकाकडून करून घ्या. बोथट टोकाची, वंगण लावलेली नळी योनीत हलकेच सरकवतात. चांगल्या कालवडीत ती 12 ते 15 सेंमी आत जाते, वांझ कालवडीत 5-6 सेंमीवरच अडते. घरी करून पाहू नका, आतून इजा होते. निरणाच्या (योनीच्या बाहेरच्या भागाच्या) खालच्या टोकाला केसांचा लांब झुबका असेल तर संशय वाढतो. खात्री रक्ततपासणीने होते. गोऱ्हा बहुधा ठीक असतो. दोन्ही कालवडीच असतील तर ही भीती नाही.

शेळीत दोन करडांच्या वारा क्वचितच जुळतात, म्हणून जुळ्यातली पाट (मादी करडू) बिनधास्त राखा. गाय, म्हैस, घोडी यांचे शरीर मुळात एका पिलाचे. घोडीत तर जुळा गर्भ बहुतेक वेळा टिकतच नाही.

पुढच्या वेतासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विताना दोन पाय दिसले म्हणून ओढू नका. ते दोन वेगळ्या वासरांचे असू शकतात. पुढच्या पायाचे खालचे दोन्ही सांधे एकाच दिशेला वाकतात, मागच्याचे उलटसुलट. प्रत्येक पाय धडापर्यंत चाचपल्याशिवाय दोरी बांधू नये, आणि शंका आली तर डॉक्टर येईपर्यंत थांबावे. जुळ्यांनंतर वार अडकण्याचे प्रमाण जास्त असते. 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, हाताने ओढू नका, वजनही बांधू नका.

जुळी वासरे वजनाने हलकी असतात. 20 किलोच्या वासराला एकूण 2 लिटर चीक लागतो. पहिला लिटर दोन तासांच्या आत, उरलेला सहा तासांत. दोघांना वेगवेगळे पाजा, नाहीतर दांडगे वासरू दुसऱ्याला सडाजवळ येऊ देत नाही.