तीन लेकरं आणि एक पेन्शन

"एका लेकराला जास्त देणं पाप आहे का, मॅडम?" औसा तालुक्यातून आलेल्या ६८ वर्षांच्या बाईंनी खुर्चीवर टेकण्याआधीच विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी आयांचा हाच प्रश्न असतो.

त्यांचे पती जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. त्यांच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनमधून त्या थोरल्याला दर मृगात बियाण्या-खताला पैसे देत, कारण चार एकर कोरडवाहूतल्या सोयाबीनचा भरवसा नव्हता. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याकडे त्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत चार-चार महिने राहिल्या होत्या. परळीला दिलेल्या मधल्या लेकीविषयी मात्र त्या एवढेच म्हणाल्या, "तिचं बरं चाललंय." पासबुक पाहून धाकटा चिडला आणि त्याने फोन करणे बंद केले.

पेन्शन त्यांची स्वतःची आहे आणि गरजा वेगळ्या असतील तर मदतही वेगळी असणार, हे मी आधी सांगितले. जिल सुइटर आणि कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत २००१ पासून ६५ ते ७५ वयाच्या मातांचा जो अभ्यास केला, त्यातही बहुतेक मातांनी एका विशिष्ट अपत्याशी अधिक जवळीक असल्याचे सांगितले. मात्र आई भेद करते असे वाटू लागले की भावंडांत ताण वाढतो, असेही त्यात दिसले. म्हणून मी रकमेपेक्षा लपवण्याबद्दल विचारले. "थोरल्याला कमीपणा येईल, म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. धाकट्याचा राग मला तिथेच अर्धा समजला.

"आणि लेकीला काय देता?" या प्रश्नावर त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. तीन वर्षे पंचमीला तिला माहेरी आणलेच नव्हते. एकदा त्या पुण्यात होत्या, एकदा हातात पैसा नव्हता, मग राहूनच गेले. न मागणाऱ्या लेकराचे सगळे ठीक आहे असे धरून चालणे, हे मला पैशांतल्या फरकापेक्षा जास्त गंभीर वाटते.

तिसऱ्या भेटीत दोन्ही मुलगे आले आणि थोरल्यानेच सारा हिशेब सांगितला. धाकटा पूर्ण निवळला असे नाही. पासबुकातून कळावे लागले, ही त्याची तक्रार कायम होती. पंचमीला बहिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून थोरला जाणार, असे ठरले. बाईंनी साडीसाठी पिशवीतून पैसे काढले, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. "साडी माझ्या पैशाची, माय."