वाड्यातील संग्रहालय सर्वांना खुले व्हावे म्हणून

प्रश्न : आमच्या गावातील संग्रहालय जुन्या वाड्यात असून पायऱ्यांमुळे वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींना आत जाता येत नाही. निधी थोडा असताना काय करता येईल?

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक वास्तू सुगम्य असणे अपेक्षित आहे, तेव्हा उतार आधी बांधावा. १ फूट उंचीसाठी साधारण १२ फूट लांबीचा उतार लागतो. दर्शनी अंगणात तो मावत नसेल, तर मागील दार तपासावे.

मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते वस्तूंना हात लावू देणे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू आहेत. तुमच्याकडेही अशा वस्तू असतील, तर त्यांतील दुय्यम नमुने टेबलावर मांडावेत. दृष्टिहीनांना त्यांची घडण स्पर्शाने कळते आणि विस्मरण जडलेल्या आजीही जात्याचा खुंटा हातात आल्यावर कदाचित बोलू लागतात. त्यांचे बोलणे, संमती घेऊन, अवश्य नोंदवून ठेवावे. बसायला बाके आणि मोठ्या अक्षरांतील माहितीफलक यांना फारसा खर्च येत नाही. जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यांच्याकडे निवडक वस्तूंची पेटी घेऊन जावे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तर बसमधून प्रदर्शने गावोगावी नेते.