वास तोच, मग पतंग येतोही आणि चुकतोही, असं का?

प्रश्न : हिंगण्याजवळ आमचं वावर आहे. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो. त्यातली लूर, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष, नाकाशी धरली तरी मला वास येत नाही, नर पतंग मात्र रातोरात येऊन पडतात. यंदा त्याच वासाच्या दोऱ्या झाडांना बांधायला सांगताहेत. त्यानं म्हणे नराला मादी सापडतच नाही. हे कसं काय?
– एक शेतकरी वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, नागपुरात इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात कुणी इतका नेमका विचारला नाही.

पतंगाचं नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन शृंगिका. त्यांवर बारीक केस असतात, केसांना सूक्ष्म छिद्रं असतात आणि आतल्या द्रवात चेतापेशींची टोकं बुडालेली असतात. वासाचा रेणू छिद्रातून शिरला की द्रवातलं एक प्रथिन त्याला पेशीवरच्या ग्राहीपर्यंत पोचवतं. तिथं तो नीट बसला तर आयनांची वाट उघडते आणि पेशी विजेचे स्पंद मेंदूकडे धाडते. रेशीमपतंगाच्या शृंगिकेला इलेक्ट्रोड लावून डिट्रिख श्नायडर यांनी १९५७ साली हा विद्युत प्रतिसाद नोंदवला होता.

नराच्या शृंगिकेवर मादीच्या वासासाठी राखीव पेशी असतात. तुमच्या लूरमध्ये असतं गॉसिप्लुर, म्हणजे दोन जवळपास सारख्या रेणूंचं साधारण निम्मंनिम्मं मिश्रण. अणू तेच, फरक फक्त एका दुहेरी बंधापाशी साखळी कुठल्या बाजूला वळते एवढाच. तेवढाही फरक या पेशींना कळतो. म्हणूनच हिरव्या बोंडअळीची लूर वेगळी घ्यावी लागते.

आता तुमचा मुख्य मुद्दा. देवघरातल्या उदबत्तीकडे बघा. धूर सगळीकडे सारखा पसरत नाही. त्याच्या तुटक, वळवळत्या रेघा होतात, मध्ये स्वच्छ हवा असते. मादीचा वासही वाऱ्यावर असाच तुकड्यातुकड्यांनी जातो. तुकडा शृंगिकेला लागला की पेशी एकदम जोरात स्पंद सोडते, लगेच मंदावते आणि पुढच्या तुकड्यासाठी मोकळी होते. शृंगिकेतली विकरं जुना रेणू मोडूनही टाकतात. वास लागला की नर वारा जिकडून येतो तिकडे सरळ पुढे झेपावतो. तुटला की डावीउजवीकडे भिरभिरत त्याला शोधतो. सापळ्यापर्यंत तो असाच पोचतो.

दोऱ्यांनी वावरभर वास दाटला की ही तुटक खूण पुसली जाते. सततच्या वासानं पेशी थकतात, मेंदूही त्याला सरावतो आणि मादीची अंधुक रेघ त्या गर्दीत हरवते. काही नर तर दोरीलाच मादी समजून तिच्याभोवती घुटमळतात. मिलन टळलं की फलित अंडी नाहीत, अळीही नाही.

पण दोरीनं पतंग मरत नाही. शेजारच्या वावरात मिलन झालेली मादी तुमच्याकडे उडत आली, तर ती अंडी घालणारच. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी मिळून, फुलं-पात्या धरायच्या सुमारास दोऱ्या बांधाव्यात. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा निर्णय घेतात. दोऱ्या असताना मात्र सापळा रिकामा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण त्या वासात नराला सापळाही सापडत नाही. डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्यानं न उमललेली फुलं, शोधा आणि हिरवी बोंडं फोडून आत अळी आहे का ते बघत राहा.