शहाळं आणि नागलीची भाकरी

"उपासनेत एकीने गुडघेदुखीसाठी प्रार्थना मागितली आणि मला तिचा इतका राग आला, की मी उठून बाहेर गेले. ताई, माझ्यात ख्रिस्त उरलाय का हो?"

समोरच्या बाई पंचेचाळिशीच्या. (त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. नाशिकरोडहून रिक्षाने जायचं, बाकावर बसून राहायचं, त्यांना सांभाळत परत आणायचं. महिला मंडळात आजाऱ्यांच्या भेटींची यादी एकेकाळी याच करायच्या. आता दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आतून काहीच हलत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. स्वतःचं घर संकटात असताना इतरांना माया द्यायची कशी, आणि ती आटली तर विश्वासही गेला का, असं विचारणारे माझ्याकडे बरेच जण येतात.

पहिल्याच भेटीत माझं चुकलं. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय मी वाचून दाखवला: देव आपलं सांत्वन करतो, म्हणजे आपल्यालाही इतरांचं सांत्वन करता यावं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे परत माझ्याच डोक्यावर काम." वचन खरं होतं, पण मी त्याचा उत्तरार्ध आधी त्यांच्या हातात दिला. त्यांचं सांत्वन अजून कुणी केलंच नव्हतं.

केलं नव्हतं म्हणजे, प्रयत्न झाले होते. शेजारणी प्रेमाने शहाळी आणायच्या. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, डायलिसिसच्या रुग्णाला ते बाधतं, शिवाय पाणीही मोजून प्यायचं. बाई आभार मानायच्या, पाहुणे गेले की पाणी मोरीत ओतायच्या आणि पुन्हा अपराधी वाटून घ्यायच्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी सरळ सांगा, "शहाळं नको, मंगळवारी दोन तास यांच्याजवळ बसा, मी झोपते." हे सांगायला त्यांना तीन आठवडे लागले. ज्यांनी आयुष्यभर दिलेलं असतं, त्यांना मागणं फार जड जातं.

झोपेबद्दल मी मुद्दाम विचारलं होतं. रात्री सलग तीन तासही मिळत नव्हते. अशा माणसाची माया आटणं हे बरेचदा थकलेल्या शरीराचं लक्षण असतं. त्यावरून विश्वासाचा निवाडा करू नये. दोन आठवड्यांहून जास्त मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेतच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मी प्रत्येकाला लिहून देते.

मग आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय सावकाश वाचला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारल्याचं कळल्यावर येशू तारवात बसून एकांतात निघून जातो. लोक पायी मागे येतात, त्यांना पाहून त्याला कळवळा येतो, तो आजाऱ्यांना बरं करतो, सर्वांना जेवू घालतो. इथवर आपल्याला पाठ असतं. पुढे तो लोकांना निरोप देतो आणि एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "निरोप दिला," त्या म्हणाल्या. "त्यानेसुद्धा."

त्यांचं माहेर नाशिकमधल्या शरणपूरचं. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं आश्रयाला होती. लिहायला-वाचायला, कसबी कामं शिकली. त्यांतली काही मोठेपणी मोंबासाकडे गेली आणि १८७५च्या सुमारास तिथे सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत कामाला लागली. मी विचारलं, शरणपुरात पाऊल ठेवलं त्या दिवशी त्या पोरांकडून कुणी सेवेची अपेक्षा केली असती का? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग रडल्या, माझ्यासमोर पहिल्यांदाच.

भेटींची यादी त्यांनी दुसरीकडे सोपवली. स्तोत्र ८८ रोज वाचू लागल्या. ते अंधारातच संपतं, गोड शेवट नाही, म्हणून त्यांना ते आपलं वाटलं.

दोनेक महिन्यांनी त्या सांगत आल्या. डायलिसिसच्या बाकावर पेठकडची एक आजी मुलाला घेऊन आली होती. हातात रेशन कार्ड, आधार, कागदांची पिशवी. कुठे जायचं ठाऊक नाही. बाई उठल्या, तिला सरकारी जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाच्या, टेबलापर्यंत नेलं, परत येऊन आपल्या डब्यातली पोळी अर्धी केली.

"प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही. खरं सांगू? त्या दिवशी यांचं बीपी एकदम उतरलं होतं, मीच रडत होते. तिनेच पदराने माझे डोळे पुसले."

"आणि राग?"

"गुडघ्यांचा? तो येतो अजून अधूनमधून."

पुढच्या आठवड्यात आजीने फडक्यात बांधून नागलीची भाकरी आणली. बाईंनी ती तिथेच बाकावर बसून खाल्ली, सगळी.