वाचकांचे प्रश्न : सत्तावीस देशांचे एकमत

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव होतो, मग युरोपीय संघात एकच देश सर्वांचा निर्णय कसा रोखून धरतो? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तिथे विषयानुसार नियम बदलतो. शेती, पर्यावरण, बाजारपेठ अशा बहुतेक विषयांत युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, प्रस्तावाला सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत २७ पैकी किमान १५ देशांचा पाठिंबा लागतो आणि त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते, त्यामुळे केवळ मोठ्या किंवा केवळ छोट्या देशांना आपले म्हणणे रेटता येत नाही. परराष्ट्र धोरण, करआकारणी आणि नव्या सदस्याचा प्रवेश यांसाठी मात्र एकमत लागते.

१४ डिसेंबर २०२३ रोजी ब्रुसेल्समध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा विषय निघाला, तेव्हा त्याला विरोध असलेले हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान दालनाबाहेर गेले, म्हणजे त्यांनी आपला नकाराधिकार वापरला नाही, आणि उरलेल्या २६ नेत्यांनी निर्णय घेतला. एवढा मोठा निर्णय एका नेत्याच्या उठून जाण्यावर अवलंबून राहावा, हे मला मनापासून खटकते. तरीही माल्टासारख्या चिमुकल्या देशाला नकाराधिकार का सोडवत नाही, हेही समजण्यासारखे आहे. आणि तो काढून घ्यायचा म्हटले, तरी त्यासाठी पुन्हा सर्वांचे एकमतच लागते.